टिटवी रिकामी का जाते?

"शलाका, मला एक कोडं सुटत नाहीये," टिटवी म्हणाली.

टिटवी म्हणजे पक्षी नव्हे. टिटवी ही खारबेटाची नवी होडी होती. उन्हावर चालणारी, तांडेलाशिवाय, आपली आपणच खाडी पार करणारी, आणि कुणी बोललं तर छान गप्पा मारणारी. शाळा सुटली की शलाका धक्क्यावर येऊन पाण्यात पाय सोडून बसायची आणि टिटवीशी बोलायची. दुसरं कुणी टिटवीशी बोलत नव्हतं.

"कसलं कोडं?"

"शेजारच्या काळेथर बेटावर खंड्या नावाची होडी आहे. तो आणि मी एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालो. तो रोज खचाखच भरून जातो. मी रोज रिकामी जाते आणि रिकामी येते. असं का?"

शलाका पाण्यात पाय हलवत विचार करू लागली. आणि हे काही नुसतं गमतीचं कोडं नव्हतं. बेटाची जुनी लाँच मे महिन्यात कायमची बंद होणार होती. टिटवी चालवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं, "तोवर माणसं बसली नाहीत, तर होडी दुसऱ्या गावाला देऊ." शलाका सातवीत होती. आठवीपासूनची शाळा खाडीपलीकडे. होडी नाही म्हणजे वसतिगृह, आणि घर फक्त सुट्टीत.

तिने प्रयत्न केले नव्हते का? पुष्कळ केले होते. मासे विकायला पलीकडे जाणाऱ्या रखमावहिनींना तिने भर रस्त्यात थांबवून टिटवीचे संवेदक (आजूबाजूला काय आहे ते ओळखणारी उपकरणं) समजावून सांगितले होते. एकदा धुक्यात टिटवी मध्येच थांबली होती ती बिघडून नव्हे, समोर जाळं होतं म्हणून, हेही सांगितलं होतं. रखमावहिनी टोपली सावरत म्हणाल्या होत्या, "तुझी टिटवी तुलाच लखलाभ!" शलाका जितकं जास्त सांगायची, तितकी माणसं जास्त अडून बसायची.

"या बेटावरची माणसंच हट्टी आहेत," घरी आल्यावर ती आजोबांना म्हणाली.

मुरलीधर आजोबा म्हणजे तिच्या आईचे वडील. पुण्याला त्यांनी आयुष्यभर समूहवर्तनाचा (माणसं एकत्र आली की कशी वागतात याचा) अभ्यास केला होता. आता ते लेकीकडे राहायला आले होते आणि ओसरीवर बसून कोकम सरबत पीत होते.

"असेल," ते म्हणाले. "पण मला आधी सांग, परवा भोईरांकडे हळद होती ना? तू नाचलीस?"

"खूप!"

"नाचायला उतरलीस कधी?"

शलाकाने आठवून पाहिलं. "भावना आणि तिची बहीण नाचायला लागल्या, तेव्हा. एकटी भावना नाचत होती तोवर मला लाज वाटत होती."

"आणि बहीण कधी उतरली?"

"भावना उतरल्यावर."

"भावना?"

"तिला कुणीच लागत नाही! वाजंत्री सुरू झाली की भावना सुरू."

आजोबा खूश झाले. "म्हणजे बघ, भावनाला आधी शून्य माणसं लागतात. बहिणीला एक, तुला दोन. कुणाला दहा लागत असतील, कुणाला अर्धा मांडव. प्रत्येकाच्या मनाला असा एक उंबरठा असतो. किती जणांनी आधी केलं म्हणजे मी करीन, तो आकडा म्हणजे माझा उंबरठा. आता समज, परवा भावनाची बहीण तापाने घरी झोपली होती. काय झालं असतं?"

शलाका डोळे मिटून हळदीचा मांडव आठवू लागली. भावना एकटी नाचते आहे. बहीण नाही. आपल्याला दोघी लागतात, तेव्हा आपण बसलेलो. आपल्यामागून येणाऱ्या मैत्रिणी आपली वाट बघत बसलेल्या. त्यांच्यामागच्या काकू त्यांची.

"अय्या! सगळा मांडव बसून राहिला असता!"

"आणि बघणारा म्हणाला असता, या गावाला नाचायची हौसच नाही. माणसं तीच, हौस तेवढीच. एक कडी नव्हती, म्हणून साखळी पुढे गेलीच नाही."

शलाका ताडकन उठली. "म्हणजे काळेथरची माणसं आपल्यापेक्षा शहाणी आहेत असं नाही! त्यांच्याकडे फक्त ती कडी आहे!"

"असू शकतं. आणखी एक गंमत आहे. बसून राहिलेला प्रत्येक जण आजूबाजूला बघतो आणि समजतो, बाकी कुणालाच नाचायचं नाहीये. मनातलं कुणी बोलत नाही. म्हणून तू सांगत सुटण्याऐवजी विचारून बघ. 'बसता का?' असं नको विचारू. विचार, 'तुम्ही कधी बसाल?'"

दुसऱ्या दिवसापासून शलाका विचारत फिरू लागली. सुरुवातीला तिला फार जड गेलं. समोरचं माणूस काही चुकीचं बोललं की तिच्या ओठांवर उत्तर तयार असायचं. ते गिळून ती नुसतं ऐकत राहिली.

आणि काय आश्चर्य! रखमावहिनी म्हणाल्या, "आमच्यातली एखादी बसली की मी बसेन गं. पण एकटीच पुढे गेले आणि काही झालं तर सगळ्या हसतील मला." फणसेकर गुरुजी म्हणाले, "चार माणसं जाताना दिसली तर माझी काही हरकत नाही." पोस्टातल्या काकांना दहा माणसं हवी होती. हट्टी असं कुणीच नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

"मग मी बसते ना सगळ्यांत आधी!" शलाका रखमावहिनींना म्हणाली.

"तू पोर. पोरं काय, कुठेही चढतात," वहिनी हसल्या. आजोबांचंही तसंच. ते पुण्याचे पाहुणे, त्यांच्याकडे बघून कोण बसणार? साखळीची पहिली कडी बेटावरचीच, मोठी आणि विश्वासाची हवी होती.

विजूमावशी अंगणवाडी चालवायच्या. सगळ्या बेटाची चिल्लीपिल्ली त्यांच्या स्वाधीन. दर महिन्याला त्या मुलांना पलीकडच्या दवाखान्यात तपासायला न्यायच्या. टिटवीचं नाव काढलं की त्या नकाराने मान हलवायच्या, म्हणून शलाकाने त्यांना शेवटी ठेवलं होतं.

"मावशी, तुम्ही कधी बसाल?"

विजूमावशी एका बाळाचं नाक पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "माझ्याआधी दुसरं कुणी बसायला हवं, असं काही नाही बाई. मला एवढंच सांग, चालत्या होडीतून एखादं मूल पाण्यात पडलं, तर मी ती थांबवू कशी? हाक मारायला आत माणूस कुठे आहे?"

"टिटवीलाच विचारून येते," शलाका म्हणाली. ती धावत धक्क्यावर आली.

"आरडाओरड्यात हाक मला कळेलच असं नाही. थांबवायचं बटण आहे," टिटवी म्हणाली. "पण ते कुलूपबंद पेटीत आहे. उगाच कुणी दाबू नये म्हणून. किल्ली पलीकडच्या कार्यालयात असते."

शलाका धक्क्यावरच बसली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण बरोबर आणि बाकीचे भित्रे. विजूमावशींची भीती तर अगदी खरी होती! आपण एवढं बोललो, पण हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. मग ती उठली आणि तडक आजोबांकडे गेली. दोघांनी मिळून कंपनीच्या अभियंत्यांना फोन लावला. फोनवरच्या बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "खरंच की. हे आमच्या लक्षात यायला हवं होतं."

त्या आठवड्यातच दोन अभियंते आले. त्यांनी टिटवीच्या दोन्ही बाजूंनी, लहान मुलांच्याही हाताला येईल अशी लाल दोरी लावली. कुठेही ओढली की होडी थांबणार.

विजूमावशींनी नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. कडेवर मूल नाही, सोबत कुणी नाही, अशा त्या एकट्या टिटवीत चढल्या. धक्क्यावर ही गर्दी जमली! खाडीच्या मध्यावर त्यांनी एक नारळ पाण्यात टाकला आणि दोरी ओढली. टिटवी जागच्या जागी थांबली, हळूच वळली आणि तरंगत्या नारळाशी येऊन उभी राहिली. विजूमावशींनी वाकून नारळ उचलला आणि धक्क्याकडे वळून उंच धरला.

टाळ्या पडल्या. टिटवी परत आली तेव्हा रखमावहिनी टोपली घेऊन पुढे झाल्या. "सर गं विजू, मला बाजार गाठायचाय." वहिनी चढल्या तशा त्यांच्या दोघी जावा चढल्या. मग गुरुजी. मग त्यांच्या मागून आणखी कितीतरी. पोस्टातले काका बोटांवर माणसं मोजत होते. दहा झाली तसे तेही चढले. शलाका बघत राहिली. हळदीचा नाचच जणू तिच्यासमोर धक्क्यावर सुरू झाला होता.

बेटावरच्या मोठ्यांपैकी पुढे झाले नाहीत ते एकटे तिचे बाबा. ते आपल्या छोट्या होडीत बसून जाळं सोडवत होते. आधीची शलाका असती तर तिने तिथेच वाद घातला असता. आता ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"बाबा, तुम्ही कधी बसाल?"

"सगळे बसले म्हणून मी बसायचो नाही," बाबा म्हणाले. "आत्ता खाडी शांत आहे. पावसाळ्यात लाटा उसळतात, तेव्हा ती कशी चालते ते मला बघायचंय. मग ठरवीन."

शलाकाने धक्क्यावर थांबलेल्या आजोबांकडे पाहिलं. तिला वाटलं, आजोबा नाराज होतील. पण ते म्हणाले, "असा एखादा हवाच. उंबरठ्यांची साखळी चांगल्या गोष्टीसाठी चालते, तशीच चुकीच्या गोष्टीसाठीही चालते. एकामागून एक सगळे धावत सुटले, की थांबून 'नीट बघू या' म्हणणारा कुणीतरी लागतो. त्याला वेडा ठरवायचं नाही. त्याचं ऐकायचं, आणि त्याला बघू द्यायचं."

"पण पावसाळ्यात ती नीट चालली तर बसाल?" शलाकाने विचारलं.

"बसेन की. न बसायची शपथ थोडीच घेतलीय?"

टिटवी दुसऱ्या फेरीला निघाली होती. भरलेली असल्याने पाण्यात जरा खोल बसली होती. बाबांच्या होडीजवळून जाताना तिने वेग कमी केला.

"काका, तुमचं बोलणं मी ऐकलं," ती म्हणाली. "मी अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही. कशी चालेन, हे मलाही बघायचं आहे. पहिल्या लाटा आल्या की रिकामीच जाईन. तुम्ही तुमच्या होडीतून बरोबर याल?"

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. त्यांनी क्षणभर त्या बोलक्या होडीकडे निरखून पाहिलं.

"येईन," ते म्हणाले. "सकाळी लवकर निघू."