रोझीची भाषाजोड

लिनक्स या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती आली की चारुशीला पेडणेकर वसईला जाई आणि इनासकाका डाबरे यांना त्यांच्या वारलेल्या बहिणीशी, रोझीशी, बोलायला लावी.

त्या काळी माणूस गेला तरी त्याच्या आठवणी स्मृतिकोशात, म्हणजे एका प्रचंड डेटाबेसमध्ये, उतरवून ठेवत. पण त्या आठवणींना काही विचारायचं, तर तो माणूस ज्या भाषेत विचार करायचा ती डेटाबेसला कळावी लागे. ते काम करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे भाषाजोड. स्मृतिकोश लिनक्सवर चाले, म्हणून दर आवृत्तीबरोबर चारुशीलासारख्यांना प्रत्येक भाषाजोड नव्यानं बांधून तिचं वाटपासाठी पॅकेज करावं लागे, आणि ती भाषा येणाऱ्या जिवंत माणसानं तपासल्याशिवाय ते बाहेर जात नसे.

रोझीची भाषा जगात दोघांनाच येत होती. इनास आणि ती जुळी. लहानपणी दोघांनी आपसात एक बोली केली होती. इनास पुढे शाळेत मराठी शिकला. रोझीला दुसरी भाषा कधी आलीच नाही.

यंदा काका अंथरुणाला खिळले होते.

"माझ्यामागे कोण तपासणार?"

"कुणी नसलं तर भाषाजोड काढून टाकतात, काका."

"म्हणजे रोझीला पुसणार?"

"नाही. आठवणी तशाच राहतील. फक्त तिचं कुणाला कळणार नाही, आणि कुणाचं तिला."

काका म्हणाले, "ते नको. मुकी म्हणून फार सोसलंय तिनं. तू शीक, पोरी."

ती शिकली. दर रविवारी चर्च सुटल्यावर जायची. आंघोळ आणि समुद्र यांना एकच शब्द होता. ती चुकली की काका खोकत खोकत हसायचे. नाताळाच्या आधी ते गेले.

पुढची आवृत्ती आली. चारुशीलानं पॅकेज बांधलं आणि एकटीच तपासायला बसली. रोझीनं सगळी उत्तरं नीट दिली. मग तिनंच विचारलं, "तो कुठंय?"

चारुशीला शब्द शोधू लागली. मरण्याला शब्दच नव्हता. दोन पोरांना त्याची गरज पडली नव्हती. भाषाजोडीत नवा शब्द घालता आला असता. पण स्मृतिकोशात नवं काही टिकत नाही. रोझीला भाऊ गेल्याचं प्रत्येक वेळी पहिल्यांदाच कळलं असतं.

"बाजारात गेलाय," चारुशीला त्या भाषेत म्हणाली.

"मग येईल," रोझी म्हणाली. आवाज निवांत होता.

पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला: संवाद बरोबर आहे का? चारुशीलाचे डोळे भरून आले होते. तिनं 'होय' दाबलं.

पॅकेज बाहेर पडलं. आपण खोटं सांगितलं, हे रोझीला तिच्या भाषेत सांगू शकेल असं चारुशीलाशिवाय आता जगात कुणी नव्हतं.