ताई बाहेर गेल्यात

"तुमचं यंत्र ठार मूर्ख आहे!" यशवंत मगदूमांनी बायकोचा मोबाइल प्रयोगशाळेतल्या टेबलावर आपटला. "माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. आणि आज सकाळी यानं एकाला सांगितलं, न्हाणीत साप आहे ना, शशिकलाताईंना बोलवा!"

डॉ. तन्वी उपळेकरांनी खुर्ची पुढे केली. सांगलीकरांच्या कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणारं 'वाचक' हे यंत्र त्यांनी घडवलं होतं. शशिकला मगदूम शहरातल्या नावाजलेल्या सर्पमित्र होत्या.

"काका, याला आम्ही काही सांगत नाही. लोक नेटवर लिहितात ते वाचून हे स्वतःच शिकतं. वेगवेगळ्या माणसांनी एकच गोष्ट लिहिली की त्याचा विश्वास वाढतो. ताज्या मजकुरावर जास्त."

"मी लिहितोय की! रोज लिहितोय."

"तुम्ही एक माणूस. शंभरदा लिहिलंत तरी एकच."

"मृत्यूचा दाखला आणलाय."

"ते कागद वाचत नाही."

"मग हाताने खोडा ना, बाई!"

"ती सोय मुद्दामच ठेवली नाही. नाहीतर सगळे रस्ते गुळगुळीत आहेत असं लिहायला नगरसेवकांची रांग लागली असती."

"इथे विनोद नकोत. काल माझा डोळा लागला, फोन वाजत राहिला. फोन करणारा माणूस सापाच्या भीतीनं तासभर स्टुलावर उभा होता. उद्या एखादा मरेल."

तन्वी गंभीर झाल्या. "मलाही एक कळत नाही. गेलेल्या माणसाबद्दलचा मजकूर जुना होत जातो, विश्वास आपोआप उतरतो. ताईंबद्दलचा मात्र चढतोय." त्यांनी यंत्राकडे पुरावे मागितले आणि पडद्यावरचं वाचू लागल्या. "'ताईंना फोन केला. त्या बाहेर गेल्या होत्या, पण घरच्यांनी लगेच दुसरा सर्पमित्र पाठवला. ताईंचे आभार.' हे गेल्या महिन्यातलं. 'ताई मिरजेला गेल्या होत्या...' हे परवाचं. असे पुष्कळ आहेत. काका, फोन कोण उचलतं?"

मगदूमांनी टेबलावरचा मोबाइल पालथा केला.

"काका?"

"मग काय सांगू?" ते उसळले. "माणूस आधीच घाबरलेला असतो. आणि मला... ते तोंडातून निघत नाही हो."

तेवढ्यात मोबाइल वाजला.

"शशिकलाताई आहेत का? चपलांच्या कपाटात साप शिरलाय!" एक बाई ओरडत होती.

"ताई बाहेर..." मगदूम थांबले. पडद्यावर बायकोच्या नावापुढे 'हयात' असं लिहिलेलं होतं.

"ताई वारल्या," ते म्हणाले. "मी त्यांचा नवरा. तुम्ही कपाटापासून लांब राहा, पण नजर हटवू नका. पत्ता सांगा, माणूस पाठवतो. आणि साप नेला की नेटवर लिहा."

"काय लिहू?"

"ती गेली म्हणून."

दुसऱ्या सर्पमित्राला पत्ता कळवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. 'हयात' तसंच होतं.

"अजून किती जणांना सांगावं लागेल?"

"बाहेर गेल्यात म्हणून जितक्यांना सांगितलंत, निदान तितक्यांना," तन्वी हळूच म्हणाल्या.