दुपारच्या सुट्टीतलं ऊन

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, तेव्हा तिच्या हातात बर्फाचा डबा होता आणि डब्यात चाळीस जणांचं रक्त. यकृताला वर्षानुवर्षं विषाणू चिकटून बसलेले चाळीस जण. ती प्रयोगशाळेत टेक्निशियन होती. डब्याचं झाकण धक्क्यानं निसटलं होतं.

तेवढ्यात दार फटीएवढं सरकलं आणि टॉर्चचा झोत आत आला.

"विझवा तो आधी! उजेडानं यातलं ए जीवनसत्त्व जातं!"

लिफ्टचा मिस्त्री अंधारातच हसला. "अडकलेली माणसं टॉर्च बघून हात जोडतात. विझवा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्यानं दार ओढून उघडलं, आधी डबा वर घेतला, मग तिला. हात खरखरीत, पण धरणं मात्र हलकं...

"शोधता काय या रक्तात?"

"आजारानं शरीर आतून किती गंजतंय, आणि गंज रोखणारी जीवनसत्त्वं किती उरलीत."

"गंज कळतो मला," तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण नीट दाबून बसवलं.

आठ दिवसांनी तो तपासणीच्या रांगेत उभा! बाही दुमडून समोर बसला.

"हिपॅटायटिस बी विषाणू. आईकडून जन्मतःच आलाय. ठरलेलं लग्न मोडलं त्यावरून. लिहा."

आवाज जरासुद्धा खाली नाही. रांगेत खाली बघत बसलेल्या चार माना वर झाल्या. तो तिचा कोणी नव्हता, तरी तिचा ऊर भरून आला.

"तुमचा हात थरथरतोय," तो हळूच म्हणाला.

"थंडीनं."

"अस्सं? मला तर घाम फुटलाय..."

डॉक्टरांनी रिपोर्ट सांगितला, डी जीवनसत्त्व फार कमी. तो थेट तिच्याकडे आला.

"गोळ्या खाल्ल्या की बरा होईन?"

"नाही. खोटी आशा नाही दाखवणार मी. रोजचं औषध चुकवायचं नाही. डी मात्र भरून काढता येईल. गोळ्या घ्या आणि उन्हात बसा."

"एकट्यानं?"

"दुपारच्या सुट्टीत मी गच्चीवर असते. म्हणजे... असू शकते."

अख्खा हिवाळा दोघं गच्चीवर बसले. एक दिवस तो बोलता बोलता अडखळला.

"पुढचं विचारायला धीर होत नाही. माझ्यात काय आहे, तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे. नोकरीला लागले तेव्हाच लसीचे तिन्ही डोस झालेत माझे. विषाणूची भीती नाही. तुमची मात्र—"

"माझी?"

"तुमच्यावर लस नाही निघाली अजून."

तो लाजला. चक्क कानापर्यंत!

तिच्या घरी त्यानं सगळं स्वतःच सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला. आत्या फणकारली, "जगातली मुलं संपली का गं?"

"मुलं पुष्कळ आहेत, आत्या. मला हाच हवाय," ती म्हणाली.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग उठले, आपली खुर्ची ओढत नेली आणि त्याच्या शेजारी टेकले.

"उद्या चारचौघांनी विचारलं ना, जावई काय करतो," ते बहिणीकडे वळून म्हणाले, "तर छाती ठोकून सांगेन — खरं बोलतो."