ऐकून झाल्याचा दिवा

चांद्रतळाच्या बैठकीत प्रत्येक खुर्चीपुढे एक दिवा होता. ती करामत नीलाक्षी वझेची. कपाळावरची श्रवणपट्टी मेंदूच्या लहरी वाचायची. वाक्य डोक्यात पुरतं उतरलं, की त्या माणसाचा दिवा हिरवा. सगळे हिरवे झाल्याशिवाय पुढच्याचा ध्वनिक्षेपक सुरूच होत नसे. नीलाक्षी तोंड उघडेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा, आयुष्यभर. हे आता थांबणार होतं.

"आमचे दिवे चटकन लागतात, तुमचाच रखडतो. असं का हो ताई?" तळप्रमुख बावडेकरांनी विचारलं.

"बोलक्या माणसाची लहर बोलणाऱ्याच्या पुढे धावते. त्याला स्वतःला बोलायचं असतं ना, म्हणून समोरच्याचं वाक्य तोच मनात संपवून टाकतो. अबोल माणसाची लहर मागे राहते. ऐकलेलं उलटंपालटं करून बघत बसते."

"म्हणजे आम्ही हुशार."

"म्हणजे तुम्ही स्वतःचंच ऐकता. पट्टीला तो फरक अजून कळत नाही. काम चालू आहे."

सगळे हसले. पण मग रोज सगळ्यांचे डोळे तिच्या एकटीच्या दिव्यावर लागायला लागले. कुणी खाकरायचं, कुणी टेबलावर ताल धरायचं. शेवटी बावडेकर स्वतः कॉफी घेऊन तिच्याकडे आले. माणूस मनाचा चांगला.

"बैठकीला नाही आलात तरी चालेल, ताई. चित्रमुद्रण पाठवतो. निवांत ऐका."

तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

बैठका झटपट उरकू लागल्या. एके दिवशी तिनं त्या सकाळचं चित्रमुद्रण लावलं. अभियंता शब्बीर मुकादम सांगत होता, "चांद्रगाडीच्या दाराचं सील सगळ्या चाचण्यांत टिकलं..." इथेच सगळे दिवे हिरवे. वाक्य मात्र पुढे चाललं होतं, "...पण उन्हातल्या. विवराच्या सावलीत ते गारठून तडकेल, गाडी आत नेऊ नका." दिवे बघून मुकादम निर्धास्त खाली बसला होता. सगळ्यांना कळलं होतं ना.

नीलाक्षीनं ते पुन्हा ऐकलं, सवयीनं घोळवलं, आणि मग संदेशयंत्राकडे धावली. पडद्यावर बावडेकर गाडी घेऊन विवराच्या कडेपर्यंत पोचलेले दिसत होते. आत उतरल्यावर संदेश पोचत नसे.

"बावडेकर, सकाळच्या बैठकीत..."

संदेशयंत्रालाही तीच श्रवणपट्टी जोडलेली होती; त्यावर त्यांचा दिवा हिरवा झाला.

"कळलं, ताई. तुम्हाला वगळलं, ते मनाला लागलंय. लागणारच. परत आलो की बोलू."

ती थबकली. लागलं होतं का मनाला? तिनं प्रामाणिकपणे आत डोकावून पाहिलं. हो, लागलं होतं. पण आपण सांगत होतो ते हे नव्हे, इथवर ती आली तेव्हा पडद्यावरची गाडी सावलीत उतरून दिसेनाशी झाली होती.

मग नीलाक्षीनं वाक्य पुरं केलं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. अर्धवट सोडणं तिला कधी जमलंच नव्हतं.