शालनच्या लग्नाची पंगत

येरवड्यात तुरुंगाची उंच दगडी भिंत जेथे संपते, तेथून आत वळले की पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांची एक गल्ली लागते. त्या गल्लीत सुखदेव ओव्हाळ यांचे दुकान होते. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचे बिऱ्हाड. नव्वदीच्या आरंभी घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले, त्या सुमारास सुखदेवांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि पुढे कित्येक वर्षे लोकांची लग्ने टिपली. त्या काळी कॅमेरा खांद्यावर दिसला की मांडवातील गर्दी आपोआप दुभंगत असे.

या व्यवसायातील एकच गोष्ट त्यांना मनापासून नकोशी वाटे, ती म्हणजे पंगतीचे चित्रण. हॅलोजनचा भगभगीत झोत तोंडावर पडला की जेवणारा माणूस घास गालात तसाच धरून अवघडून बसे. तुपकट ओठ, हनुवटीवरून ओघळणारा रस्सा, दातांत अडकलेली कोथिंबीर. माणूस घास कसा चावतो हे दुसऱ्याने इतक्या जवळून पाहू नये, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. परंतु यजमान बजावीत, "पंगत सगळी घ्या हं. नाहीतर पाहुणे म्हणतात, आम्ही आलो ते दिसलंच नाही!"

पुढे काळ पालटला. ज्याच्या त्याच्या खिशातील फोनमध्ये कॅमेरा आला आणि सुखदेवांना बोलावणे येईनासे झाले. उरले ते एवढेच, की लोकांच्या माळ्यावरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून त्यांच्या सीड्या करून द्यायच्या. त्या कॅसेटींना पांढरी बुरशी धरलेली असे. झाकण उघडताच शिळ्या, ओल धरलेल्या पावासारखा वास सुटे. सुखदेव नाकाला रुमाल बांधून कापसाच्या बोळ्याने ती बुरशी पुसत.

अशीच एक कॅसेट घेऊन त्यांची मेहुणी शालन धायरीहून आली.

"दाजी, माझ्या लग्नाची आहे. जपून करा. नाहीतरी त्यात मी कुठे आहे? माझ्यापेक्षा पुऱ्यांवर दिवा जास्त मारलाय तुम्ही."

"पुऱ्या हलत नव्हत्या. तू सारखी हलत होतीस," सुखदेव म्हणाले.

शालन हसली, पण कॅसेट तिने चटकन हातातून सोडली नाही. कारण त्या कॅसेटीत हिरा होती.

हिरा म्हणजे शालनची थोरली बहीण, सुखदेवांची पत्नी. त्या लग्नानंतर वर्षाच्या आत ती गेली. अन्ननलिकेचा विकार होता. शेवटी शेवटी चमच्याने घातलेले पाणीसुद्धा उतरत नसे. शेजारच्या घरातील फोडणीचा वास आला की ती भिंतीकडे तोंड फिरवून रडत असे. मुलगी पूर्वा तेव्हा बालवाडीत होती. ज्याने अख्ख्या पुण्याच्या बायकांना चित्रित केले, त्याच्यापाशी स्वतःच्या बायकोची चालतीबोलती छबी या पंगतीपुरतीच होती: कॅमेरा हिरापाशी येतो, सुखदेवांचाच तरुण आवाज म्हणतो, "हिरा, इकडे बघ," आणि ती लाजून पदर तोंडावर ओढते, डाव्या हाताने नको नको करते. एवढेच.

सीडी तयार झाली. पूर्वाने ती पाहिली, आणि संपताच पुन्हा पहिल्यापासून लावली. ती आता खराडीच्या एका कंपनीत संगणकावर काम करीत असे. दुपारची पाळी असल्यामुळे घरून जेवून निघे. दुसऱ्या दिवसापासून ती ताट संगणकासमोर मांडू लागली.

"हे काय नवीन?" सुखदेवांनी विचारले.

"आईबरोबर जेवते. ऑफिसमध्ये सगळे जण स्क्रीनकडे बघतच जेवतात, पप्पा. कोण कुणाच्या ताटात बघतंय? मी निदान आईला बघते."

सुखदेवांना ते रुचले नाही. सगळे शहरच असे जेवू लागले होते, हात ताटात आणि डोळे काचेत, हे पाहून त्यांना शिसारी येई. परंतु मुलीने आईला पाहू नये, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

एके दिवशी भाकरी वाढताना त्यांचे लक्ष पडद्याकडे गेले. तरुण आवाज म्हणाला, "हिरा, इकडे बघ." हिराने वर पाहिले. तिने पदर ओढला नाही. ती जेवतच राहिली.

त्यांनी ताबडतोब दुकानात जाऊन मूळ कॅसेट यंत्रात घातली. तीत पदर होता, लाजणे होते, नको नको करणारा हात होता. पुन्हा आत येऊन पाहिले, तर सीडीवरील हिरा उघड्या तोंडाने घास चावीत होती. कॅमेरा पुढच्या पाहुण्याकडे सरकायला हवा होता. तो सरकत नव्हता.

"पूर्वा, हे चित्र अडकलं आहे का?"

"नाही. रोज थोडं जास्त दिसतं. मस्त ना?"

त्या महिन्यात पूर्वाच्या गळ्याची हाडे वर आली. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. वास्तविक ती तीन-तीन भाकऱ्या मागून घेई, ताट स्वच्छ करी. डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या आणि दोष सापडत नाही म्हणून सांगितले. "पोटात अन्न जातंय ना नीट?" एवढेच त्यांनी दोनदा विचारले.

पडद्यावरील हिरा मात्र भरत चालली होती. गाल तकतकीत झाले होते. चित्राचे बारीक चौकोन मध्येच फुटत, ओठ एकीकडे आणि दात दुसरीकडे जात, आणि त्या फटीतून चावलेल्या अन्नाचा लगदा दिसे. चावण्याचा आवाजही येई, ओला, चिकट. मूळ कॅसेटीत पंगतीवर सनईची रेकॉर्ड घातलेली होती. ती सनई आता कोठेच नव्हती.

शुक्रवारी सुखदेवांनी मंडईतून शेपूची जुडी आणली. मुगाची डाळ घालून भाजी केली, पूर्वाला वाढली आणि ते तिच्या पाठीमागे उभे राहिले.

लग्नात पुऱ्या होत्या, बुंदी होती, वांग्या-बटाट्याचा रस्सा होता, मसालेभात होता. लग्नाच्या पंगतीत शेपू कोणी वाढीत नाही.

हिराच्या पत्रावळीवर शेपू होती.

तिने भाकरीचा तुकडा मोडला. भाजी उचलली. पूर्वाच्या ताटातील भाजी तेवढीच कमी झाली.

सुखदेवांनी लेकीचा हात धरून उलटा केला. बोटे कोरडी होती. स्वच्छ, धुतल्यासारखी. तिचा जबडा मात्र हलत होता.

"तोंड उघड," ते म्हणाले.

तिने उघडले. आत काही नव्हते. जीभ पांढरी, कोरडी पडली होती.

"पप्पा, तिला भूक आहे हो," पूर्वा हळू आवाजात म्हणाली. "तुम्हीच सांगायचात ना, उपाशी गेली म्हणून?"

 मोरीत जाऊन ते ओकले. परत आले ते हातात अडकित्ता घेऊनच. शालनला द्यायच्या राहून गेलेल्या त्या सीडीचे तुकडे केले, संगणकात उतरवलेली प्रत पुसली, पूर्वाने फोनमध्येही ती घेतली असेल म्हणून त्यातले मेमरी कार्ड काढून गटारात टाकले. तिने विरोध केला नाही. केवळ पाहत राहिली.

त्याच संध्याकाळी रिक्षा करून त्यांनी तिला धायरीला शालनकडे पोहोचवले.

"माझ्याकडे राहू द्या, दाजी," शालन म्हणाली. "हाडं मोजून घ्यावीत अशी झालीय पोर. आठवडाभरात गुबगुबीत करून पाठवते."

येताना सुखदेवांना कित्येक दिवसांनी हलके वाटले.

रविवारी दुपारी त्यांनी स्वतःपुरता स्वयंपाक केला. उरलेली शेपू शिजवली. मन थाऱ्यावर नव्हते. मीठ टाकले की नाही हे आठवेना, म्हणून पुन्हा टाकले. ताट वाढून घेतले. दुकानातला फोन वाजला, म्हणून ताट झाकून ते पुढे गेले.

"पप्पा, मी." पूर्वाचा आवाज प्रसन्न होता. "जेवायलाच बसलोय सगळे."

"जेवतेस ना नीट?"

"हो तर. मावशी पण आहे, काका पण आहेत. मावशीला मी कॉपी आधीच दिली होती ना. त्यांच्या मोठ्या टीव्हीवर इतकं क्लिअर दिसतं!"

सुखदेवांनी फोन कानाशी घट्ट धरला. फोनमधून भांड्यांचा आवाज येत नव्हता. केवळ चावण्याचा येत होता. आणि पाठीमागून त्यांचाच तरुण आवाज: हिरा, इकडे बघ.

"पप्पा, एक विचारू?" पूर्वा म्हणाली. "आज तुम्ही शेपूत मीठ दोनदा टाकलंत का? आईनं तोंड वाकडं केलं."

फोन तसाच सोडून ते आत आले. झाकण जागेवर होते. त्यांनी ते उचलले.

ताटात भाकरीचा कण नव्हता. तळाशी हिरवट पाणी होते, आणि त्यातून चाटल्यासारखी चार बोटे ओढलेली होती.