बटणाचा कोट

“मी सही करणार नाही म्हणजे नाही!” लेकाने कागद कापडाच्या ढिगावर भिरकावला, आणि आजीची कात्री निळ्या लोकरीत अर्ध्यावरच थांबली…

सुनेला परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. नवराबायकोचे पटेनासे होऊन ती वेगळी राहू लागल्याला तीन वर्षे झालेली, पण त्यांची पोर रोज सुनेची कामाची पाळी संपेपर्यंत आजीच्या शिलाईयंत्राखालीच वाढली. सांडलेली बटणे गोळा करायची, म्हणून तिचे नावच बटण पडले. आता तिला आईबरोबर न्यायचे, तर बापाची लेखी संमती हवी. आणि बाप अडून बसला होता!

“तुझ्यासाठीच अडलोय, आई. बटणाशिवाय तू जगशील का?”

आजीच्या काळजात कळ उठली. खोटे नव्हतेच ते! पण उभ्या आयुष्यात तिने आपले दुःख दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले नव्हते, मग ते त्या लेकराच्या पायात बेडी म्हणून कसे अडकवू द्यायचे?

“माझ्या पदराआड लपू नकोस,” ती शांतपणे म्हणाली. “बायकोवरचा राग आहे तुझा. तो स्वतःच्या नावावर ठेव.”

उगाच काहीतरी बोलायचे म्हणून लेकाने खुंटीवरचा, एक बाही लागलेला कोट उचलला. “हा बटणाचा? केवढा ढगळ! मापात चुकलीस, आई… पहिल्यांदाच!”

“मी? मापात?” आजी कडाडली. “अरे, तिथे थंडी असते म्हणे. दोन हिवाळे तरी पुरायला नको?”

लेकाच्या हातातला कोट तसाच राहिला… दुसऱ्या बाहीचे कापड आईच्या कात्रीखाली होते. तिचे केव्हाच ठरले होते! त्याने डोळे पुसले आणि मुकाट्याने कागद उचलला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत लेकाने आणि सुनेने साहेबासमोर सह्या केल्या; बटण शेजारीच होती, रात्रीत पुरा झालेला कोट घालून. आजीनेही चष्मा चढवला, पदराला हात पुसले. “माझी कुठे करायची?”

“आजीची संमती लागत नाही, बाई,” साहेब मान वर न करताच म्हणाला.

लागत नाही! जी रात्ररात्र पोरीच्या तापात उशाशी बसली, पहिले पाऊल जिचे बोट धरून पडले, तिला विचारायचेही कारण नाही! आजीने चष्मा काढला.

तेवढ्यात सुनेने तिचा हात धरला. तीन वर्षांत पहिल्यांदाच!

“साहेबांना लागत नसेल, आई. मला लागते. तुम्ही नाही म्हणालात, तर आम्ही जाणार नाही…”

आजीला हुंदका आवरेना. पण सुनेसमोर रडायचे? छे! तिने खसकन बटणाला जवळ ओढले आणि कोटाची बाही उलटी केली.

“इकडे बघ, नर्सबाई. आत कापड दुमडलंय. आखूड झाली की ही शिवण उसव. पुढच्या वर्षी ही दुसरी. जमेल ना, की तेही मीच शिकवू?”

“जमेल. आणि त्यानंतर?”

“त्यानंतर कापड संपतं.” आजीने बाही सरळ केली, नातीच्या मनगटावरून हात फिरवला. “मग शिवणारीकडेच यावं लागतं… पोरीला घेऊन.”