पुराचा पाव्हणा

दाराची कडी वाजली. अगदी हळू... वाजवावी की नाही, अशा बेतानं.

पाऊस जरा उघडला होता आणि घर कसं गप्प होतं. चार वर्षांची चिमी आईच्या पदराखाली झोपलेली, दुर्पताचा म्हातारा बाप मुखरू कुंभार चाकाशेजारी पेंगत बसलेला. दुर्पतानं लेकीचं डोकं हलकेच उशीवर ठेवलं आणि दार उघडलं. दर पुराला या दारात नदीकाठी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, थापणारा देवाजी कवेलूवाला उभा असायचा. आज मात्र एक उंच, भिजलेला जवान होता. डोक्यावर गाठोडं, आणि गुडघ्यापर्यंत झरपट नदीचा चिखल.

"देवाजी माहे काका," तो म्हणाला. "ते लेकीकडं वणीले गेले. मले म्हनले, पानी वाढलं का मुखरूभाऊच्या घरी जाजो. माहं नाव इसरू."

"मंग आत या न. उंबरा चावते का?"

तो हसला. आणि दुर्पताला उगीचच वाटलं, आपण पदर आधी सावरायला हवा होता.

चांदा शहर त्या काळी मध्यप्रदेशात होतं, आणि जुन्या परकोटाच्या, दगडी तटाच्या आत मावलेलं. कुंभारगल्लीच्या टोकाला त्या परकोटात एक खिडकी होती, म्हणजे माणूस वाकून जाईल एवढा दरवाजा. झरपटेचं पाणी तिच्या पायरीला लागलं की गल्ली ती बुजवून टाकायची, फळ्या लावून आणि तणस म्हणजे भाताचा पेंढा मिसळलेली माती लिंपून. त्याआधी नदीकाठचे सगळे आत यायचे. कोण कोणाकडे, हे पणजोबांपासून ठरलेलं. कोणी विचारत नसे, कोणी आभार मानत नसे. पाव्हणा सरळ चुलीशी जाऊन बसायचा, घरच्या लेकीसुना त्याला भाऊ म्हणायच्या, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर सगळं घर निजायचं. म्हणून पूर ओसरला की शहर लगेच उभं राहायचं. नदीकाठच्या झोपड्या आतल्या माणसांच्या हातांनी पुन्हा शाकारल्या जायच्या, बाजार भरायचा.

त्या संध्याकाळी दुर्पता गल्लीतल्या बायकांबरोबर माती तुडवत होती. इसरूही धोतर खोचून उतरला. कवेलूवाला असून पहिल्याच पावलाला घसरला, तिचा हात धरला आणि निखारा लागल्यासारखा सोडला. दुर्पता खळखळून हसली. नवरा तापानं गेल्यावर ती माहेरी आली होती. त्यानंतर तिचं असं हसणं गल्लीनं ऐकलं नव्हतं. शेजारच्या सोनीबाईनं पायाबरोबर तोंडही चालवलं.

"काय वं दुर्पता, पाव्हण्याले भाऊ म्हनाले जीभ जड झाली का?"

दुर्पतानं मान खाली घातली आणि माती जास्तच जोरानं तुडवली.

पाणी उतरलं, खिडकी उघडली, इसरू गेला. पण मग बाजारच्या दिवशी कवेलूची कावड घेऊन तो गल्लीतूनच जाऊ लागला. जवळचा रस्ता दुसरा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिमीसाठी कधी मातीचा बैल, कधी मूठभर बोरं. चिमी त्याला मामा म्हणायची आणि तो, का कोण जाणे, त्या हाकेला थोडा उशिरा ओ द्यायचा. दुर्पता पाण्याचा तांब्या पुढे करायची. बोटं तांब्याच्या दोन बाजूंना... मधे पाणी हलायचं.

कार्तिकात एकदा मुखरू घरी नव्हता. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच इसरू म्हणाला, "तू मले एक डाव बी भाऊ नाई म्हटलं."

"विसरली असन."

"इतके महिने?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मुखरूभाऊले विचारू का? पाट लावून नेतो. चिमीसकट."

"नको." ती म्हणाली. "आमच्या घरी पाव्हणा म्हनून झोपला, अन् घरची लेक मागतली, असं झालं तं उद्या कोन आपल्या सुनेसमोर परका मानूस घरात घेईन? लोक खिडकीच्या आधी दारं बुजवतीन, इसरू. नदीकाठच्यायनं मंग कुठी जावं?"

त्यानं ऐकून घेतलं. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि गेला. त्यानंतर कवेलूची कावड दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागली. तिनंच तर नको म्हटलं होतं... तरी बाजारच्या दिवशी दार उघडं ठेवायची तिची सवय काही जाईना.

पुढच्या श्रावणात झरपट पुन्हा चढली. पाव्हणे एकेक करून आत आले. मुखरूच्या दाराशी कोणी आलं नाही. खिडकीला फळ्या लागल्या. दुर्पताचे पाय मातीत जड पडत होते. तिनं दोनदा पाणी जास्त ओतलं, माती पातळ केली, पुन्हा तणस मागितली. तो बाहेर राहिला तर? आपल्या एका 'नको'पायी? शेवटची फट लिंपायची वेळ आली तेव्हा तिचा हात उचलेना.

तेवढ्यात कोणीतरी वर बोट दाखवलं. परकोटावर, पोत्याची खोळ पांघरून, इसरू बसला होता. मोठ्या वेशीनं सकाळीच आत आला होता. कोणाच्या घरी तेवढा गेला नव्हता.

मुखरू खालूनच ओरडला, की भरल्या पावसात माकडासारखा वर काय बसलास, घरी चल.

इसरू उठून उभा राहिला. "नाई मुखरूभाऊ. या साली तुमच्या घरी जेवलो तं पाव्हणा होईन. मले तुमचा पाव्हणा नाई व्हाचं. पानी उतरलं का वणीवरून काकाले आनून, बाहेरच्या मानसावानी चार लोकायसमोर मागनी घालतो. तुम्ही नाई म्हनसान, तं नाई."

मुखरूनं लेकीकडे पाहिलं. ती मातीनं भरलेल्या हातांकडे बघत होती. म्हाताऱ्यानं मिशी चोळली. मग म्हणाला, "सोनीबाई, तुह्या घरी लेक नाई, सून नाई. पानी उतरेपर्यंत याले तू ठेव."

"ठेवतो न," सोनीबाई म्हणाली. "पन मले भाऊ म्हनाले लावशीन तं याद राख. माह्या नातवाच्या वयाचा हाय तो."

गल्ली हसली. दुर्पतानं शेवटची फट लिंपली, तळव्यानं, जपून.

सोनीबाईमागून इसरू त्यांच्या दारावरून गेला. थांबला नाही. फक्त जाता जाता एकदा पाहिलं... तेवढंच. चिमी हाक मारत धावली, अन् तो पुढच्या घरात शिरलेला पाहून हिरमुसून परत आली. तिनं आईच्या लुगड्याचा काठ ओढला.

"आई, सोनीआजी म्हनते का तो आता माहा मामा नाई. मंग मी त्याले काय म्हनू?"